गारगाई धरणातून मुंबईला रोज ४४ कोटी लिटर पाणी मिळेल, पण ते पाणी स्वच्छ कशामुळे राहणार?

मुंबईत उन्हाळा आला की दोन बातम्या ठरलेल्या असतात. पहिली, सात तलावांत किती टक्के पाणी उरलंय. दुसरी, पाणीकपात कधीपासून. आणि या दोन्ही बातम्यांच्या शेवटी एक नाव हमखास येतं, गारगाई.

पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात, ओगदा गावाजवळ गारगाई नदीवर मुंबई महापालिकेला धरण बांधायचं आहे. त्यातून शहराला रोज ४४० दशलक्ष लिटर, म्हणजे ४४ कोटी लिटर जादा पाणी मिळेल, असा हिशोब आहे. या धरणावर वाद आहे, आणि तो साधारण एकाच मुद्द्याभोवती फिरतो. एक बाजू म्हणते, शहराला पाणी हवंय. दुसरी बाजू म्हणते, त्यासाठी लाखो झाडं तोडायची का?

पाणी विरुद्ध झाडं, असा हा सामना सोशल मीडियावर रंगतो. पण यात एक गोष्ट मागे पडते. मुंबईचं पाणी आजवर चांगलं राहिलं, त्याचं मोठं कारण तलावांच्या भोवतीचं जंगल आहे. आणि गारगाईचा जलाशय याच जंगलाचा एक तुकडा पोटात घेणार आहे. म्हणजे प्रश्न किती पाणी मिळेल एवढाच उरत नाही. मिळेल ते पाणी कसं असेल, हेही बघावं लागतं.

तर नदी अडवली की तिच्या पाण्याचं नेमकं काय होतं, ते सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी बघू, गारगाई प्रकल्प आहे तरी काय?

मुंबईला सात तलावांतून पाणी येतं. अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी. या सगळ्यांची मिळून साठवणक्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे, आणि शहराला रोज जवळपास ३,९०० दशलक्ष लिटरच्या घरात पुरवठा होतो.

१९९० च्या दशकात मुंबईच्या भविष्यातल्या पाण्याचा अभ्यास करण्यासाठी जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. त्या समितीनं तीन धरणं सुचवली. मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ. यातलं मध्य वैतरणा २०१४ मध्ये पूर्ण झालं. गारगाई आणि पिंजाळ मात्र कागदावरच राहिले. २०२० मध्ये गारगाई बाजूला ठेवून मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प करायचं ठरलं होतं. नंतर गारगाईची फाईल पुन्हा उघडली.

योजना अशी आहे की गारगाईवर सुमारे ६९ मीटर उंचीचं धरण बांधायचं, आणि त्यातलं पाणी साधारण २ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून मोडक सागरात सोडायचं. तिथून पुढे मुंबईपर्यंतची व्यवस्था आधीपासून आहेच. साडेआठशे हेक्टरच्या आसपास जमीन यात जाणार आहे. त्यातली साधारण ६५० हेक्टर वनजमीन आहे आणि ती तानसा अभयारण्यातली आहे. सहा गावं बाधित होणार आहेत.

यातली बोगद्याची गोष्ट लक्षात ठेवा. गारगाईचं पाणी मोडक सागरात जाऊन मिसळणार आहे. म्हणजे गारगाईच्या पाण्यात जे काही असेल ते मोडक सागरातही येणार.

एकाच डोंगराजवळचे तीन तलाव, पण एकाचं पाणी पिता येत नाही

पाण्याची प्रत कशावर ठरते, हे समजायला फार लांब जायची गरज नाही. मुंबईतच तीन तलाव आहेत. विहार, तुळशी आणि पवई.

विहार १८६० मध्ये झाला, तुळशी १८७९ मध्ये. पवई त्यानंतर, १८९१ च्या सुमारास. तिन्ही तलाव इंग्रजांच्या काळात, शहराच्या पाण्यासाठीच बांधले गेले. तिन्ही एकमेकांपासून काही किलोमीटरवर आहेत, पाऊसही जवळपास सारखाच.

आज काय परिस्थिती आहे? विहार आणि तुळशीचं पाणी दीडशे वर्षांनंतरही मुंबईकर पितात. शहराच्या एकूण पुरवठ्यात त्यांचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास आहे, पण पाणी पिण्यालायक आहे. पवईचं पाणी मात्र पिण्यासाठी वापरलं जात नाही. ते आरे कॉलनीला आणि कारखान्यांच्या वापरासाठी जातं. तलावात जलपर्णी पसरते, आजूबाजूच्या वस्तीचं सांडपाणी मिसळतं, आणि ते थांबवण्यासाठी महापालिकेला पुन्हा पुन्हा खर्च करावा लागतो.

फरक कुठे पडला? तलावाच्या भोवती काय आहे, तिथे. विहार आणि तुळशीचं पाणलोट क्षेत्र संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहे. पाणलोट क्षेत्र म्हणजे ज्या जमिनीवर पडलेला पाऊस वाहून त्या तलावात येतो ती सगळी जमीन. पवईच्या भोवती इमारती, रस्ते आणि वस्त्या आल्या.

जंगलात पाऊस पडतो तेव्हा तो आधी पानांवर आपटतो, मग पालापाचोळ्यावर पडतो, मग हळूहळू जमिनीत मुरतो. मुळांनी माती धरून ठेवलेली असते, त्यामुळे गाळ कमी येतो. मातीतले जिवाणू आणि मुळं पाण्यातला नायट्रोजन, फॉस्फरस वापरून घेतात. शिवाय पावसाळा संपल्यावरही झरे काही महिने तलावात पाणी आणत राहतात. हे गाळण्याचं काम फुकट होतं आणि त्याचं बिल कुणालाच येत नाही, म्हणून त्याची किंमतही कुणी धरत नाही.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरानं ही किंमत धरली. १९९० च्या दशकात त्यांच्यासमोर प्रश्न होता की अब्जावधी डॉलर खर्चून प्रचंड मोठं गाळण केंद्र बांधायचं, की कॅटस्किल डोंगरातलं पाणलोट क्षेत्र जपायचं. १९९७ मध्ये शहरानं त्या भागातल्या गावांशी करार केला, जमीन संरक्षणाखाली आणली, शेतकऱ्यांना मदत केली, गावांची सांडपाणी व्यवस्था सुधारली. त्या शहराचं बहुतांश पाणी आजही गाळण केंद्रातून न जाता फक्त निर्जंतुक करून घरोघरी जातं.

नदी अडवली की पाण्यात काय बदलतं?

वाहती नदी म्हणजे स्वतःला साफ करत जाणारी यंत्रणा. खडकांवरून खळखळत जाताना पाण्यात हवा मिसळते. त्यामुळे विरघळलेला ऑक्सिजन टिकून राहतो. साधारण २५ अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात दर लिटरला ८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो. हा आकडा ४ च्या खाली गेला की माशांना त्रास व्हायला लागतो.

पाणी किती घाण आहे हे मोजायला आणखी एक आकडा वापरतात, तो म्हणजे बीओडी. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना जेवढा ऑक्सिजन लागतो, तेवढा बीओडी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार, नुसतं निर्जंतुक करून पिता येईल अशा 'अ' वर्गाच्या स्रोतात बीओडी २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि ऑक्सिजन ६ पेक्षा कमी नको. पूर्ण शुद्धीकरण करून प्यायचं असेल तर बीओडी ३ पर्यंत आणि ऑक्सिजन किमान ४ लागतो.

आता याच नदीवर धरण बांधलं. पाणी थांबलं, खोल झालं. मग तीन गोष्टी होतात.

पहिली गोष्ट, गाळ खाली बसतो. वरचं पाणी नितळ दिसायला लागतं. हा धरणाचा फायदाच म्हणायचा. पण नितळ पाण्यात ऊन खोलवर जातं, आणि ऊन मिळालं की शेवाळ वाढायला वाव मिळतो.

दुसरी गोष्ट, पाण्याचे थर पडतात. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि हलकं होतं. खालचं थंड पाणी जड असतं, ते खालीच राहतं. दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. वरच्या थराला हवा मिळते, खालच्याला मिळत नाही. तळाशी जे काही कुजत असतं ते खालचा ऑक्सिजन संपवून टाकतं.

तिसरी गोष्ट या दुसरीतूनच येते. तळाचा ऑक्सिजन संपला की मातीत घट्ट बसलेलं लोह आणि मँगनीज पाण्यात विरघळायला लागतं. गाळातला फॉस्फरसही सुटतो. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. पुढे हिवाळ्यात वरचं पाणी थंड झालं की थर मोडतात, आणि तळाची ही सगळी घाण वर येऊन मिसळते. मँगनीज जास्त झालं की पाण्याला काळपट-तपकिरी रंग येतो, धुतलेल्या कपड्यांवर डाग पडतात, पाइपच्या आत थर बसतो.

प्रत्येक धरणात हे सगळं होतंच असं नाही. धरण किती खोल आहे, पाणी किती दिवस साठून राहतं, आणि तळाशी काय आहे, यावर ते ठरतं. गारगाईच्या बाबतीत यातला शेवटचा मुद्दा कळीचा आहे, कारण तळाशी जंगल आणि शेतजमीन असणार आहे.

जंगल पाण्याखाली गेलं तर?

याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम देशातलं आहे. तिथे १९६४ मध्ये ब्रोकोपोंडो नावाचा जलाशय भरायला सुरुवात झाली आणि जवळपास दीड हजार चौरस किलोमीटर वर्षावन झाडं न तोडताच बुडालं. झाडं पाण्याखाली कुजू लागली. हायड्रोजन सल्फाइडचा वास इतका असह्य झाला की धरणावरच्या कामगारांना तोंडाला मास्क लावून काम करावं लागलं. पाणी इतकं आम्लयुक्त झालं की वीजनिर्मितीच्या यंत्रांना गंज चढला. वर जलपर्णीचं रान माजलं.

गारगाई त्यापुढे अगदीच छोटा जलाशय आहे, आणि इथे पाणी भरण्याआधी झाडं तोडली जाणार आहेत. त्यामुळे सुरीनामसारखं चित्र इथे होईल, असं म्हणणं चुकीचं ठरेल. उलट पाण्याच्या प्रतीचा विचार केला तर बुडणाऱ्या भागातली झाडं आधी काढून घेणं हे उभी बुडवण्यापेक्षा बरं.

पण झाड तोडलं म्हणजे सगळं निघालं असं होत नाही. बुंधे राहतात, मुळं राहतात, वर्षानुवर्षांचा पालापाचोळा आणि काळी माती राहते. शेतातलं खत, गोठ्यांच्या जागा, घरांची शौचालयं हेही तिथेच असतं. पाणी भरलं की यातली पोषकद्रव्यं पहिल्या काही वर्षांत एकदम सुटतात. म्हणूनच नव्या धरणांत सुरुवातीची काही वर्षं शेवाळ आणि मासे दोन्ही जोमानं वाढताना दिसतात. नंतर हळूहळू ते स्थिरावतं. ही पहिली काही वर्षं पिण्याच्या पाण्यासाठी सगळ्यात अवघड असतात.

दुसरा मुद्दा जागेचा आहे. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावण्याची अट अशा प्रकल्पांना असते. पण पाण्याच्या दृष्टीनं झाड कुठे आहे याला महत्त्व आहे. गारगाईच्या काठचं झाड गारगाईचं पाणी गाळतं. ते दुसऱ्या जिल्ह्यात लावलं तर कार्बनचा हिशोब कदाचित जुळेल, पण मोडक सागरात येणाऱ्या पाण्याला त्याचा काही उपयोग नाही.

शिवाय तानसाच्या जंगलाला स्वतःचंही मोल आहे. शंभरहून जास्त वर्षं नामशेष झाला असं समजला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा सापडला होता. तोच रानपिंगळा २०१४ मध्ये तानसा अभयारण्यात आढळला.

उजनीचा धडा

धरण बांधताना पाणी चांगलं होतं, पण नंतर बिघडलं, असं महाराष्ट्रात झालंय का? झालंय. उजनी.

सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी, राज्यातल्या सगळ्यात मोठ्या धरणांपैकी एक. सोलापूरची शेती, ऊस आणि सोलापूर शहराचं पिण्याचं पाणी यावर अवलंबून आहे.

धरणाच्या वरच्या अंगाला पुणे आहे. पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली १९८२ मध्ये, म्हणजे धरण पूर्ण झाल्यावर दोन वर्षांनी. पुढच्या चाळीस वर्षांत ही दोन्ही शहरं प्रचंड वाढली. त्यांचं सांडपाणी पवना, मुळा, मुठा आणि इंद्रायणीत उतरतं. या नद्या भीमेला मिळतात, आणि भीमा उजनीत येते. यातलं सगळं सांडपाणी शुद्ध होऊन येत नाही.

सांडपाण्यात फॉस्फरस आणि नायट्रोजन असतो. शेवाळासाठी हे खतच. त्यामुळे उन्हाळ्यात उजनीचं पाणी हिरवंगार होतं. काठच्या गावांतून वासाच्या आणि अंगाला खाज येण्याच्या तक्रारी येतात. अशा हिरव्या पाण्यात नीलहरित जिवाणू वाढतात, आणि त्यांच्या काही जाती यकृताला घातक विष तयार करतात. हे विष पाणी उकळून जात नाही.

उजनीचं धरण चुकीचं बांधलं म्हणून हे झालं नाही. वरच्या अंगाचं पाणलोट क्षेत्र पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत कसं बदलेल, आणि तिथली घाण कोण थांबवेल, हे कुणाच्याच जबाबदारीत नव्हतं.

गारगाईच्या वर आज पुण्यासारखं शहर नाही. पण भिवंडीपासून शहापूर, इगतपुरीपर्यंतचा सगळा पट्टा बदलतो आहे. समृद्धी महामार्ग इथूनच जातो. तलाव दिसणाऱ्या जागांना फार्महाऊस आणि रिसॉर्टवाल्यांची मागणी असते, हे पवना आणि मुळशीच्या काठावर सगळ्यांनी पाहिलंय. नवा जलाशय झाला की त्याच्या काठावर कुणाला काय बांधू द्यायचं, हे आधी ठरलं नाही तर नंतर ठरवता येत नाही.

धरणाच्या खाली काय होतं?

धरणाची चर्चा बहुतेक वेळा बुडणाऱ्या भागावर थांबते. पण नदी धरणाच्या खालीही असते.

गारगाई पुढे वैतरणेला मिळते आणि वैतरणा विरारच्या उत्तरेला समुद्राला मिळते. गारगाईचं पाणी बोगद्यातून मोडक सागरात वळवलं की ते नदीच्या खालच्या भागात येणार नाही. पावसाळ्यात धरण भरून वाहिलं तर येईल, पण खरी गरज असते पावसाळ्यानंतर.

नदीत पाणी कमी झालं की तीन परिणाम होतात. एक, जेवढी घाण आधी नदीत मिसळत होती तेवढीच आता कमी पाण्यात मिसळते, म्हणजे तिचं प्रमाण वाढतं. दोन, पात्रातले डोह सुटे पडतात, पाणी तापतं, मासे कमी होतात, आणि काठच्या विहिरींची पातळी खाली जाते. तीन, खाडीच्या तोंडाशी गोड्या पाण्याचा जोर कमी झाला की भरतीचं खारं पाणी अधिक आत शिरतं. किनारपट्टीच्या शेतकऱ्याला आणि मच्छीमाराला हे कुणी वेगळं सांगायला लागत नाही.

एकट्या गारगाईमुळे वैतरणा आटेल, असं नाही. पण वैतरणेवर अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडक सागर अशी तीन धरणं आधीच आहेत. तिच्या उपनद्यांवर एकेक धरण वाढत गेलं तर परिणाम बेरजेनं वाढतो. म्हणून एका धरणाचा वेगळा अभ्यास पुरत नाही, सगळ्या खोऱ्याचा मिळून करावा लागतो.

शुद्धीकरण केंद्र आहे ना, मग एवढी चिंता कशाला?

प्रश्न बरोबर आहे. मुंबईचं बहुतांश पाणी भांडुप आणि पांजरापूर इथल्या केंद्रांत शुद्ध होतं. भांडुपचं केंद्र आशियातल्या सगळ्यात मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. मग तलावाचं पाणी थोडं खराब झालं तर काय बिघडलं?

बिघडतं असं की, ही केंद्रं विशिष्ट प्रतीचं पाणी येईल असं धरून बांधलेली असतात. त्यांचं काम साधारण असं चालतं. आधी तुरटी किंवा पॉली ॲल्युमिनियम क्लोराईड टाकून गढूळपणा खाली बसवायचा, मग वाळूच्या थरातून पाणी गाळायचं आणि शेवटी क्लोरीननं जंतू मारायचे. गाळ काढायला आणि जंतू मारायला ही पद्धत उत्तम आहे. पण विरघळलेलं मँगनीज, शेवाळाचा वास, शेवाळाचं विष यांच्यासाठी ती पुरत नाही. त्यासाठी ओझोन किंवा सक्रिय कार्बनसारखे महागडे टप्पे जोडावे लागतात.

आणखी एक अडचण आहे. पाण्यात कुजलेल्या पाल्याचे अंश जास्त असतील तर क्लोरीनशी त्यांची रासायनिक क्रिया होऊन ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगं तयार होतात. ती दीर्घकाळ जास्त प्रमाणात पोटात जाणं धोक्याचं मानलं जातं. म्हणजे पाणी घाण आहे म्हणून क्लोरीन वाढवावं, तर त्यातून वेगळाच त्रास सुरू होतो.

म्हणजे पाणी कुठे साफ करायचं, जंगलात की केंद्रात, असा हा हिशोब आहे. जंगलात केलं तर ते आपोआप होतं. केंद्रात केलं तर वीज, रसायनं आणि पैसा लागतो, तोही कायमचा.

आणि तिथल्या माणसांचं काय?

वाडा, मोखाडा, शहापूर हा सगळा आदिवासी पट्टा. वारली, कातकरी, महादेव कोळी, ठाकूर समाजाची वस्ती इथे आहे. मुंबईला पाणी देणारी धरणं याच भागात आहेत. आणि याच भागातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरनं पाणी पुरवावं लागतं. शहापूर तालुक्यात तर भातसा, तानसा यांसारखे तलाव असूनही दरवर्षी मार्च उजाडला की टँकरची मागणी सुरू होते. शेजारून जाणारी मोठी जलवाहिनी मुंबईला जाते आणि पाड्यावरची बाई हंडा घेऊन ओढ्यात खणलेल्या खड्ड्याकडे जाते.

गारगाईमुळे विस्थापित होणाऱ्या कुटुंबांना जमिनीचा आणि घराचा मोबदला मिळेल. पण त्यांच्या पाण्याची सोय काय? आज ते नदीचं पाणी पितात, त्यात मासे धरतात, गुरांना पाजतात. जिथे पुनर्वसन होईल तिथे पाण्याचा स्रोत कोणता आणि त्याची तपासणी कोण करणार, याचं लेखी उत्तर घर सोडण्याआधी त्यांच्या हातात पडायला हवं.

यात पाण्याच्या प्रतीचाही संबंध आहे. जलाशयाच्या काठी जी गावं राहतील, त्यांच्यासाठी शौचालयं आणि सांडपाण्याची सोय झाली तर त्यांचंही भलं होतं आणि मुंबईच्या पाण्याचंही. ती झाली नाही तर सगळं जलाशयात येतं.

मुंबईकडे दुसरे पर्याय आहेत का?

आहेत, पण प्रत्येकाची किंमत वेगळी आहे.

मुंबईत गळती, चोरी आणि हिशोबात न येणारा वापर मिळून पुरवठ्याचा जवळपास एक तृतीयांश भाग जातो, असं सांगितलं जातं. हा आकडा गारगाईच्या साधारण तिप्पट होतो. अर्थात यातलं सगळं पाणी जमिनीत मुरत नाही. त्यातलं काही वस्त्यांमध्ये लोक वापरतातच, फक्त त्याचं बिल होत नाही. पण खऱ्या गळतीतून वाचेल ते पाणी तलावातून आणायची गरज नाही, ते आधीच शुद्ध होऊन शहरात आलेलं असतं.

दुसरा पर्याय सांडपाण्याचा. मुंबई वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप इथे रोज २,४६४ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करणारी सात केंद्रं बांधते आहे. यातलं थोडं पाणी जरी बांधकाम, बागा, कारखाने, शौचालयं यांना दिलं तरी तेवढं पिण्याचं पाणी वाचतं. शिवाय मिठी नदी आणि समुद्रही कमी घाण होतात.

तिसरा पर्याय मनोरीचा. समुद्राचं पाणी गोडं करण्याचा हा प्रकल्प रोज २०० दशलक्ष लिटरचा आहे. पावसावर अवलंबून नाही, पण वीज भरपूर लागते आणि उरलेलं तीव्र खारं पाणी पुन्हा समुद्रात सोडावं लागतं.

यातला एकही पर्याय एकटा पुरेसा नाही. पण आहेत ते पर्याय पूर्ण न वापरता जंगलातल्या नदीकडे जाणं, हा सगळ्यात सोपा दिसणारा आणि नंतर बदलता न येणारा मार्ग आहे.

धरण होणारच असेल तर कोणते प्रश्न विचारायचे?

समजा सगळ्या परवानग्या मिळाल्या आणि धरण झालं. तरी पाण्याच्या प्रतीसाठी काही गोष्टी आधीच ठरवता येतात. त्या ठरल्यात का, हे कोणताही नागरिक विचारू शकतो.

१. आज गारगाईचं पाणी कसं आहे? पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा अशा तिन्ही ऋतूंतली तपासणी करून ते आकडे जाहीर केलेत का? ही सुरुवातीची नोंद नसेल तर उद्या पाणी बिघडलं की सुधारलं, हे सिद्धच करता येणार नाही.

२. पाणी भरण्याआधी बुडीत क्षेत्रातला झाडोरा, पालापाचोळा, शौचालयांचे खड्डे साफ करणार का?

३. धरणातून पाणी वेगवेगळ्या खोलीवरून उचलता येईल अशी सोय आहे का? तळाचं पाणी खराब झालं तर वरचं घेता यायला हवं.

४. खालच्या नदीत बारा महिने किती पाणी सोडणार? हा आकडा परवानगीच्या अटीत आहे की फक्त आश्वासनात?

५. जलाशयाच्या काठी बांधकामाला बंदी किती अंतरापर्यंत, आणि ती पाळली जाते की नाही हे कोण बघणार?

६. काठच्या गावांना याच धरणाचं पाणी नळानं मिळणार का?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले गेले. त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रात होते, देशात सगळ्यात जास्त. अशा राज्यात गारगाईसारखी जंगलातून येणारी नदी शिल्लक असणं ही छोटी गोष्ट नाही. मुंबईनं १८६० पासून पाण्यासाठी जंगलाच्या वाटेनं जायला सुरुवात केली आणि विहारच्या भोवतीचं जंगल राखलं, म्हणून ते पाणी आजही नळाला येतं. पवईच्या बाबतीत ते झालं नाही. गारगाईचं पुढे काय होणार, हे धरणाच्या भिंतीआधी वर दिलेल्या सहा प्रश्नांच्या उत्तरांवरून कळेल.